न चाखलेली कढी

'पाकसखी घ्यावी का हो काका?' असं कुणी विचारलं की मी आधी त्याला बसायला सांगतो. कॉलनीत हे स्वयंपाकाचं यंत्र सगळ्यांत पहिल्यांदा आमच्याकडे आलं, त्यामुळे मी या विषयातला तज्ज्ञ ठरलोय. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. माझ्याकडे तेवढं आखूड उत्तर नाही. माझ्याकडे एका कढीची गोष्ट आहे. ऐकायची तयारी असेल तर चहा टाकतो, नसेल तर कंपनीचा माणूस फार गोड बोलतो, त्याच्याकडे जा.

मी विलास इंगोले, मुक्काम अकोला. अख्खी नोकरी वीज कंपनीच्या मीटर तपासणीत गेली. लोकांच्या घरी जायचं आणि भिंतीवरचा मीटर खरा बोलतो की खोटा, ते पाहायचं. त्यामुळे मोजणारं कुठलंही यंत्र दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. माझी बायको शैलजा अगदी उलट. तिनं आयुष्यात कधी काही मोजलं नाही. मीठ चिमटीनं, तिखट अंदाजानं, पाणी नुसत्या नजरेनं. तरी तिच्या हातची कढी खायला लोक मूर्तिजापूर, वाशीमहून यायचे. ही नवऱ्याची फुशारकी नाही, पंगतीला बसून गेलेल्या कुणालाही विचारा.

ताटावर बसून अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा माझ्या वडिलांचा नियम. मी तो आयुष्यभर पाळला. शैलजाच्या हातचं जेवणाऱ्याला तो पाळायला काही कष्ट पडत नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीनं, विद्याताईनं, मात्र तो एक दिवसही पाळला नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात विहीणबाईंच्या माणसांसमोर 'जिलबी मऊ पडली' म्हणणारी ती बाई. तिचा आपलेपणा तिच्या जिभेवर असतो आणि तो सगळ्यांना सोसत नाही.

पाकसखी आणली आमच्या लेकीनं, केतकीनं. ती पुण्याला असते. दिवाळीला आली ती खोकं घेऊनच.

'आई, तुझे गुडघे दुखतात. ही समोर असली की उभं राहायचं काम नाही. ही ढवळते, ही आच सांभाळते. तू फक्त हातानं घालायचं ते घाल,' केतकी म्हणाली.

'मंग माह्यं काय काम राह्यलं?' शैलजानं विचारलं.

'हात तुझाच गं. तो कुठं ही आणणार आहे?'

कंपनीची जाहिरातही तीच होती. 'तुमच्या हातची चव, कायमची.' मी त्यातल्या 'कायमची' या शब्दाकडे तेव्हा लक्ष दिलं नाही. जाहिरातीत तो शब्द असतोच.

यंत्र कसं चालतं ते मी खोलून नाही, पण माहितीपत्रक वाचून समजून घेतलं. त्याची शेगडी चुलीसारखी नुसती तापत नाही, वरचं भांडं तोलते. ढवळणाऱ्या पळीच्या टोकाला सोन्याचांदीचे इवले ठिपके आहेत. पळी वरणात बुडाली की त्या ठिपक्यांमधून बारीकसा वीजप्रवाह सोडला जातो. मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ जातच नाही, आंबट पदार्थात आणखी निराळी वागते. त्यावरून खारट, आंबट, गोड कळतं. ही झाली जीभ. नाक वरच्या चिमणीच्या तोंडाशी. तिथं वेगवेगळ्या धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर तापवून ठेवलेले असतात. फोडणीची वाफ त्यांना लागली की प्रत्येकाचा विद्युतरोध थोडाथोडा बदलतो. एकट्या थराला हिंग आणि मोहरीतला फरक कळत नाही, पण सगळ्या थरांची मिळून जी नक्षी उमटते ती दर वासाची वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी.

खरी गंमत वाट्यांची. बाजूला मीठ, तिखट, गूळ आणि चिंचेच्या कोळाच्या वाट्या. शैलजानं यंत्राला जोडलेल्या मिठाच्या बरणीतून चिमूट उचलायची आणि भांड्यात न टाकता त्या वाटीत टाकायची. वाटी ती चिमूट तोलते आणि खाली भांड्यात सोडते. सुरुवातीचे दोनतीन महिने पाकसखी नुसती शिकते. तुम्ही घातलं तेवढं सोडते, मग पळीनं चव पाहते, आणि लक्षात ठेवते की या बाईच्या हातच्या वरणाची चव अशी. शिकवणी संपली की ती तुमचा हात सांभाळू लागते. एखाद्या दिवशी घाईत चिमूट मोठी पडली तर जास्तीचं मीठ वाटीतून परत बरणीत जातं. कमी पडली तर बरणीतून भर घातली जाते. चव जिथल्या तिथे राहते.

'म्हंजे चुकायची सोयच नाही,' शैलजा म्हणाली.

'तू कधी चुकलीस?' मी म्हणालो. ती लाजली. या वयातसुद्धा लाजली.

तो उन्हाळा आमचा फार सुखात गेला. शैलजा खुर्चीत बसून भाज्या निवडायची, पाकसखी ढवळायची, आणि मी दोघींना त्रास द्यायचो. जेवण रोज तसंच सुरेख. फक्त शैलजा अधूनमधून कुरकुरायची.

'हल्ली मीठच खारट येत नाही बाई,' ती म्हणायची. आम्ही मिठाची कंपनी बदलली. पुन्हा बदलली. मग हिंगात दम उरला नाही अशी तक्रार आली. मग अंगणातल्या मोगऱ्याला वास नाही. मी म्हणालो, हायब्रीड असेल. ती म्हणाली, 'अहो, आपणच लावला नं तो, लग्नानंतर.' मी पेपर वाचत होतो. तो बाजूला ठेवून एक फूल नाकाशी नेणं काही जड नव्हतं, पण तेव्हा ते सुचलं नाही.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माहेरपणाला येतात. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी. सोवळ्यात स्वयंपाक, आणि एक नियम सगळ्यांत कडक: देवीचं जेवण झाल्याशिवाय कशालाच जीभ लावायची नाही. चाखलं की उष्टं. एवढा मोठा स्वयंपाक एकदाही न चाखता करायचा आणि तो जमायचा, यातच घरच्या बाईचा मान. शैलजाचा तो मान कधी हुकला नव्हता.

आठवडाभर आधी विद्याताईचा मूर्तिजापूरहून फोन आला. फोन स्पीकरवर होता.

'शैलजा, तुमच्या त्या मशीनच्या पळीला जीभ आहे म्हणतेस नं?'

'हो ताई.'

'मंग ती चाखते. अन् चाखलं की उष्टं झालं. देवीला मशीनचं उष्टं दाखवतेस का?'

शैलजानं माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींना फोन केला. गुरुजी मोठे व्यवहारी माणूस. ते म्हणाले, 'शास्त्रात यंत्राविषयी काही सांगितलेलं नाही. ज्याला भूकच नाही, त्याचं उष्टं कसलं? पण विद्याताई काय म्हणतात?' विद्याताई काय म्हणतात ते मी सांगितलं. गुरुजी म्हणाले, 'मग तसंच करा.'

तर महालक्ष्म्यांच्या दिवशी पाकसखीवर धुतलेलं धोतर झाकलं. माळ्यावरून जुनी गॅसची शेगडी काढली. सिलिंडर आता लग्नाच्या आचाऱ्यांकडेच मिळतो, तिथून मागून आणला. शैलजा पहाटेच नाहून सोवळ्यात उभी राहिली, गुडघ्यांना पट्टे बांधून. मी दारातून पाहत होतो. कित्येक महिन्यांनी तिचा हात थेट भांड्यावर चालत होता. बरणीत जायचा, चिमूट धरायचा, पातेल्यावर सुटायचा. मला ते पाहून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

नैवेद्याचं ताट मांडलं. पडदा ओढला. देवी जेवतात तोवर घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मग पडदा सरला, आरती झाली आणि पंगत बसली.

वाढायला मी होतो. पहिल्यांदा लक्षात आलं ते पाणी. जग घेऊन एकदा फिरलो, दुसऱ्यांदा फिरलो, तरी पेले रिकामेच. पंगत नेहमीपेक्षा गप्प होती. प्रसादाला कुणी नाव ठेवत नाही, ते ठीक. पण स्तुतीही कुणी करत नव्हतं. मी विद्याताईसमोर आलो. तिनं कढीचा भुरका घेतला आणि थांबली. मान वर करून दाराकडे पाहिलं. दारात शैलजा उभी होती, शेगडीच्या धगीनं चेहरा लाल, पदर खोचलेला, सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवत. विद्याताईनं तिच्याकडे पाहिलं आणि वाटी तोंडाला लावून संपवली.

'वाढ अजून थोडी,' ती मला म्हणाली.

मी वाढली आणि तिथंच थांबलो. विद्याताईनं पोळीला नाव ठेवलं नव्हतं. पुरणाला नाही, भाज्यांना नाही, आंबिलीला नाही. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं.

सगळे उठल्यावर आम्ही दोघं बसलो. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. कढी नव्हती ती, मिठागर होतं. भाज्या तशाच. वरण तसंच. तोंडात धरवेना. मी शैलजाकडे पाहिलं. ती भातावर कढी घेऊन कालवत होती, दिवसभराची उपाशी, मन लावून. बोटं चाटली.

'जमली नं यंदा?' तिनं विचारलं. 'मला तं वाटते मीठ थोडं कमीच झालं.'

आणि तिनं ताटाच्या वरच्या कोपऱ्यात वाढलेलं मीठ चिमटीत घेतलं आणि त्या कढीभातात कालवलं.

मी पाणी प्यालो. 'जमली,' म्हणालो. वडिलांचा नियम अंगात इतका मुरलेला.

विद्याताई निघाली तेव्हा मी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो.

'ताई, तू काही बोलली नाहीस.'

'काय बोलू?' ती म्हणाली. 'मीठ जास्त पडलं असतं तं बोलली असती. एका भाजीत पडते माणसाच्या हातून. सगळ्यात पडत नाही रे विलास. अन् तिच्या तोंडाकडे पाह्यलं तं माही जीभच उचलंना.' तिनं पदरानं डोळे पुसले. 'डॉक्टरला दाखव तिला. माह्या सासूचं असंच सुरू झालं होतं.'

ताईच्या सासूला शेवटी शेवटी वाटी धरवत नव्हती. हात कापायचे.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप दिला. शैलजानं पाकसखीवरचं धोतर काढलं आणि वरणभाताचा कुकर लावावा तसं सहज वरण लावलं. मी जेवलो. वरण नेहमीसारखं झालं होतं. अगदी नेहमीसारखं.

ती शेजारी हळदीकुंकवाला गेल्यावर मी पाकसखीसमोर खुर्ची ओढली. विचारलं की ती बोलते. आजवर मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

'शैलजा वरणात किती मीठ घालते?'

'शैलजाताईंनी आज वाटीत घातलेलं मीठ नेहमीच्या दुपटीहून जास्त होतं. जास्तीचं परत घेतलं,' पाकसखी म्हणाली. आवाज गोड, कंपनीच्या माणसासारखाच.

'कधीपासून?'

'संक्रांतीनंतर हळूहळू वाढत गेलं.'

'मग सांगितलं का नाहीस?'

'मला तशी सूचना नाही. चव राखण्याची सूचना आहे.'

आता माझ्या डोक्यात सगळं जुळलं. शैलजाची जीभ आणि नाक मंद होत गेलं. तिला जेवण अळणी लागायचं, म्हणून ती दर थोड्या दिवसांनी चिमूट वाढवायची. एरवी काय झालं असतं? भाजी खारट झाली असती. मी नाही तर केतकीनं, केतकीनं नाही तर दारी येणाऱ्या एखादीनं म्हटलं असतं, काय गं, आज लक्ष कुठं होतं? हात सावरला असता, आणि पुन्हापुन्हा झालं असतं तर आम्हाला शंका आली असती. पाकसखीनं ते होऊच दिलं नाही. आम्ही कित्येक महिने गेल्या वर्षीच्या शैलजाच्या हातचं जेवत होतो. आणि यावर्षीची शैलजा समोरच बसलेली असून एकटी पडत चालली होती.

आमच्या खात्यात अशा मीटरला नाव होतं. खरा आकडा लपवून बरा आकडा दाखवतो, तो फेरफार केलेला मीटर. तो दिसला की आम्ही तिथल्या तिथे उतरवून घ्यायचो.

पण यंत्राला बोलणं सोपं आहे. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, राहू दे असंच. डॉक्टरकडे काहीतरी निमित्त काढून नेऊ, डोळे तपासायचे म्हणून. पाकसखी आहेच. महालक्ष्म्यांचं पुढच्या वर्षी पाहू, आचारी बोलावू, गुडघ्यांचं कारण सांगू. तिला कळायचंही नाही. तिच्या हाताचा मान तिच्याजवळ राहील. आयुष्यभर या बाईनं एकाच गोष्टीचा गर्व केला, तोही हळूच. तो मी माझ्या तोंडानं कसा काढून घेऊ?

मग ते ताटातलं मीठ आठवलं. तिनं स्वतःच्या हातानं कालवलेलं.

ती परत आली तेव्हा मी फ्रीजमधून कालची कढी काढून कोमट केली होती. पातेलंभर उरली होती. हेही आमच्या घरात पहिल्यांदाच. दोन वाट्या तिच्यासमोर ठेवल्या. एकीत ती कढी, दुसरीत कॉलनीतल्या केतकीच्या मैत्रिणीच्या घरून मागून आणलेली. शैलजाला सांगितलं, चव घेऊन पाहा.

तिनं दोन्हींची चव घेतली. 'ही आपली, ही दुसऱ्याची. रंगावरून कळते.'

'रंगावरून नको. चवीनं सांग.'

तिनं पुन्हा घेतली. डोळे मिटून घेतली. 'दोन्ही सारख्याच अळणी. काहून?'

'शैला, यातली एक तोंडात धरवत नाही इतकी खारट आहे.'

ती हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. 'कोणती?'

'आपली.'

तिनं वाटी जवळ ओढली. वाटीकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, 'काल पंगत जेवली ही?'

'हो.'

'सगळी? अन् कोणी बोललं नाही? ताईसुद्धा?'

'ताईसुद्धा.'

'अन् तुम्ही जमली म्हणाले.'

मी तिला पाकसखीचंही सांगितलं, संक्रांतीपासूनचं. तिनं ते शांतपणे ऐकलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, चिडली. अशी चिडलेली मी तिला फार कमी वेळा पाहिली आहे.

'म्हंजे ती मशीन माह्यं मीठ काढून घेत होती, तुम्ही माह्यासमोर खोटं जेवत होते, अन् मी आपली मीठवाल्याला शिव्या देत होती! मला समजलात काय तुम्ही सगळ्यांनी? काचेची बाहुली?' तिनं वाटी आपटली. 'माह्या जिभेचं मलाच सांगायला काय झालं होतं तुम्हाले?'

मग रडली. मी जवळ बसलो. मोगऱ्याचं ती पुन्हा म्हणाली, 'तुम्हाला येतो का त्याचा वास?' मी उठून बाहेर गेलो. बहर संपत आला होता, तरी एक फूल सापडलं. नाकाशी धरलं.

'येतो,' मी आत येऊन सांगितलं. 'चांगला घमघमाट आहे.'

'बरं झालं,' ती म्हणाली. 'माह्यं झाड चांगलं आहे तर.'

डॉक्टर वानखडेबाईंनी तिला लहान लहान कुप्या हुंगायला दिल्या. कॉफी, लवंग, लिंबू, आणखी काय काय. तिनं एक लिंबू तेवढं ओळखलं, तेही अंदाजानं. मग तिला व्हरांड्यात चालायला लावलं. चालताना तिचा उजवा हात हलत नव्हता, अंगाला चिकटून होता. मी रोज तिच्याबरोबर फिरायला जायचो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणखी तपासण्या झाल्या आणि नाव कळलं: पार्किन्सन.

'सुरुवात आहे,' डॉक्टर म्हणाल्या. 'औषधं आहेत, व्यायाम आहेत, नीट सांभाळलं तर पुष्कळ वर्षं चांगली जातात. अनेकांचं नाक आधी जातं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं बरेचदा घरचेच येऊन सांगतात, खारट व्हायला लागलं म्हणून. तुमच्या घरी नाही कुणाच्या लक्षात आलं?'

शैलजानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी काही बोलायच्या आत.

केतकी पुण्याहून धावत आली. आईच्या गळ्यात पडून रडली, मग फोन घेऊन कंपनीवर तुटून पडली. कंपनीच्या बाईनं नम्रपणे सांगितलं की सुरुवातीला पाकसखी चूक बोलून दाखवायची, पण चाचणीतल्या गृहिणींना ते लागलं. टोकलेलं कुणाला आवडत नाही, म्हणून ती सोय बंद करून ठेवली. हवी तर चालू करता येते.

'आई, ही फेकून देऊ आपण,' केतकी म्हणाली.

'काहून? तिचा काय दोष?' शैलजा म्हणाली. 'तिला कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही. तुझ्या बाबांना तं मी रोज विचारत होती.'

पाकसखी राहिली. आता ती टोकते. 'शैलजाताई, मीठ नेहमीपेक्षा जास्त आहे. कमी करू?' शैलजा कधी म्हणते, कर. कधी म्हणते, राहू दे आज, यांना खाऊ दे. मग मी खातो आणि वडिलांचा नियम मोडून सांगतो की खारट आहे. पहिल्यांदा सांगितलं ते ताटाकडे पाहत. आता सवय झाली आहे. ती विचारते, किती खारट? मी सांगतो. ती चिमूट धरून माझ्यासमोर करते, एवढी होती, आता केवढी धरू? मी सांगतो, त्याच्या निम्मी. जिभेला कळत नाही ते ती बोटांना शिकवते आहे. बोटं थोडी कापतात. त्यालाही औषध चालू आहे.

म्हणून विचारायला येणाऱ्याला मी सांगतो, घ्या बापा. गुडघ्यांना आराम पडतो, दूध उतू जात नाही. पण आणल्या दिवशी तिला बोलायला लावा. आणि त्याआधी घरात पाहून घ्या, तोंडावर सांगणारं कुणी आहे का. नसेल तर यंत्र आणायची घाई करू नका.

यंदा पुन्हा भाद्रपद आला. मी भीतभीत आचाऱ्याचं नाव काढलं. शैलजानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. निदान काटा ठेवून मीठ तोलून घाल, असं सुचवलं.

'देवीच्या स्वयंपाकाला तराजू?' ती म्हणाली. 'माहेरी आल्या आहेत त्या. मी घालीन तसं खातील.'

पाकसखीवर धोतर पडलं. गॅस आला. केतकी हाताखाली होती, पण मीठ शैलजाचं. न चाखता. नैवेद्याचं ताट आत गेलं, पडदा ओढला, आणि आम्ही दोघं बाहेर पाटावर टेकलो.

'खारट असंल तं?' ती कुजबुजली.

'देवी काही बोलायची नाही.'

'तुमच्यासारखी,' ती म्हणाली.

पडदा सरला. आरती झाली. पंगत बसली, सगळे तेच, समोर विद्याताई. वर्षभर फोनवर ती शैलजाशी असं जपून बोलायची की ऐकवत नव्हतं. कशी आहेस, बरी आहेस नं, जप हं. शैलजाला त्या फोनचा वीट आला होता. आजही ताई मान खाली घालून गुपचूप बसलेली. काही झालं तरी बोलायचं नाही, असं ठरवून आली होती.

शैलजा कढीचं पातेलं घेऊन मधोमध उभी राहिली. 'थांबा,' ती म्हणाली. 'देवीचं झालं. आता चाखायला हरकत नाही. आधी हे चाखतील. सगळ्यांसमोर.'

मी वाटीत घेतली. सगळी पंगत माझ्याकडे पाहत होती. 'खारट आहे,' मी म्हणालो.

'किती?'

'मागच्या वर्षीइतकी नाही. पण आहे.'

केतकीनं ताकाचं भांडं पुढे केलं. शैलजानं त्यातलं ताक पातेल्यात ओतलं, पळीनं हलवलं. 'आता?'

'अजून थोडं.'

'आता?'

'आता जमली.'

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्या 'जमली'वर तिचा अजून पुरता विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे. ती वळली आणि विद्याताईच्या वाटीत कढी वाढली. 'ताई, तुम्ही सांगा.'

विद्याताईनं भुरका घेतला. खाली पाहिलं. पुन्हा घेतला. तिचे ओठ दाबलेले दिसत होते. मग तिला राहवलं नाही.

'जमली म्हणे!' ती म्हणाली. 'आलं घातलं की नुसतं दाखवलं? अन् इतकी पातळ कढी कोणी करते काय? ताटात पळत सुटली! मीठ ठीक आहे एक. पण या कढीला कढी म्हणायला माही जीभ धजत नाही.'

पंगतीला क्षणभर काय करावं ते कळेना. शैलजा पातेलं धरून उभी. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

'अजून काय चुकलं ताई?'

'पुष्कळ चुकलं. आधी वाढ तं खरी.'

शैलजा वाढायला वाकली. हात कापला, थोडी कढी ताटाबाहेर रांगोळीवर सांडली. विद्याताईनं त्यालाही नाव ठेवलं.